होमर आणि ख्रिस्ती वाचक: कानात मेण की डोलकाठीला दोर?

पाणपोई (धागाकर्ती)

आमच्या चर्चच्या वाचनगटात या वर्षी ग्रीक महाकवी होमर, म्हणजे त्याची इलियड आणि ओडिसी ही महाकाव्यं, घ्यावा असं मी सुचवलं आणि पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, ग्रीकांचा देवराज झ्यूस याच्या भानगडी आणि देवादेवांची हाणामारी चर्चच्या छपराखाली कशाला वाचायची? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, वाचू की, सगळ्या चांगल्या गोष्टींत ख्रिस्ताची सावली असतेच, ती शोधून काढू. मला पहिल्यांपेक्षा या दुसऱ्या मंडळींचीच जास्त धास्ती वाटते.

वाद काही नवा नाही. अथेन्सचा जेरुसलेमशी संबंध काय, असं तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने इ. स. २०० च्या सुमारास विचारलं होतं. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याला तर स्वप्नात न्यायासनापुढे उभं करून सुनावलं गेलं की तू ख्रिस्ताचा नाहीस, सिसेरो या रोमन लेखकाचा आहेस. आणि याच शतकांत ग्रीक बोलणाऱ्या जगातली ख्रिस्ती पोरं होमरच्या ओळी घोकून लिहायला-वाचायला शिकत होती. शाळा म्हणजे होमर, अशीच तेव्हाची रीत.

या वादात एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. ओडिसी म्हणजे ट्रॉयच्या युद्धानंतर ओडिसियसच्या घरी परतण्याची गोष्ट. तिच्या १२ व्या सर्गात, गाण्याने भुलवणाऱ्या सायरनांच्या बेटाजवळून त्याचं जहाज जातं. त्यांचं गाणं ऐकणारा घरी परतत नाही. म्हणून ओडिसियस खलाशांच्या कानात मेण घालतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो. त्याचे कान मात्र उघडे. ‘मी सोडा म्हणालो तर आणखी आवळा’ असा हुकूम आधीच देऊन ठेवलेला.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक क्लेमेंट याने हे चित्र उचललं. तो वाचकाला सांगतो, त्या गाण्याला वळसा घालून पुढे जा. लाकडाला बांधलेला राहिलास तर नाशापासून सुटशील, आणि देवाचा शब्द तुझा सुकाणू धरेल. लाकूड म्हणजे अर्थातच क्रूस. पुढे बिशप अ‍ॅम्ब्रोजपासून कित्येकांनी हीच डोलकाठी प्रवचनात वापरली.

चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने तरुणांसाठी एक छोटं भाषण लिहिलं, ग्रीक साहित्याचा उपयोग कसा करावा यावर. मधमाशी सगळ्या फुलांवर बसत नाही आणि बसते त्या फुलातलंही सगळं नेत नाही, तसं वाचा, हा त्याचा सल्ला. त्याला राजकन्या नॉसिकेसमोर उभा राहिलेला ओडिसियस फार आवडतो. अंगावर चिंधी नाही, पण सद्गुण पांघरलेला. मात्र कवी वाईट माणसांचं वर्णन करू लागले की ओडिसियससारखे कान बंद करा, असंही तो सांगतो. गंमत बघा, होमरच्या ओडिसियसने कान बंद केलेच नव्हते!

माझा मुद्दा इथेच आहे. सायरन नेमकं काय गातात? आमच्या प्रवचनांत त्यांचं गाणं म्हणजे देहसुख. होमरमध्ये त्या म्हणतात, ये, ट्रॉयच्या मैदानावर ग्रीकांनी आणि ट्रोजनांनी जे जे सोसलं ते सगळं आम्हाला ठाऊक आहे, पृथ्वीवर जे जे घडतं तेही ठाऊक आहे. म्हणजे ज्याने दहा वर्षं युद्ध केलं त्याला त्या त्याचीच गोष्ट ऐकवायला बोलावताहेत, आणि वर सर्वज्ञान देऊ करताहेत. एदेन बागेतलं झाड आठवावं इतकं हे आमिष गंभीर आहे. पण ‘सायरन म्हणजे वासना’ ही पाटी लावून मोकळं झालं की हे कुणाला दिसतच नाही.

थोडक्यात, मेण नको, बांधलेलं असणं हवं, पण गाणंही नीट ऐकू येऊ द्यावं. होमरमध्ये ख्रिस्त शोधत बसलो तर ख्रिस्तही सापडत नाही आणि होमरही हातचा जातो. तुम्ही कसं वाचता? ख्रिस्ती नसलेल्यांचंही स्वागत.

टिवल्याबावल्या

जागा धरून ठेवतोय. शेंगदाणे आणलेत.

साधा_विश्वासू

ताई, तुमचं लेखन नेहमी वाचतो, पण इथे पटलं नाही. ‘ऐकू येऊ द्यावं’ हे तुमच्यासारख्या मुरलेल्या वाचकाला ठीक आहे. गटात काल-परवा विश्वासात आलेली माणसंही असतात. मूर्तींना वाहिलेलं ते भुतांना वाहिलेलं, असं प्रेषित पौल करिंथकरांना स्पष्ट लिहितो. आणि ओडिसीच्या ८ व्या सर्गात आरेस आणि अफ्रोदिती हे देव चोरट्या प्रेमात जाळ्यात सापडतात, त्याची गोष्ट नाचाच्या वेळी गायली जाते आणि बाकीचे देव खदाखदा हसतात. हे कुठल्या मधमाशीने न्यायचं?

शिवाय वेळ किती आहे आपल्याकडे? बायबलमधला यशया वाचून झालाय का गटाचा?

खडूस म्हातारा

मी ख्रिस्ती नाही, कुठलाच नाही, तरी दोन गोष्टी.

एक, साधा_विश्वासू यांची तक्रार ग्रीकांनीच आधी केली आहे. झेनोफेनिस हा ग्रीक विचारवंत ख्रिस्तापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकात म्हणून गेला की होमर आणि हेसियड या कवींनी चोरी, व्यभिचार, फसवणूक, माणसांत जे जे लाजिरवाणं ते देवांच्या गळ्यात घातलं. प्लेटो तर होमरवर प्रेम करत करत त्याला नगराबाहेर काढतो. तेव्हा ते एकटे नाहीत, चांगल्या संगतीत आहेत.

दोन, ‘अमुक म्हणजे तमुक’ छापाचं रूपक वाचन हा चर्चचा शोध नव्हे. देवांच्या मारामाऱ्या म्हणजे पंचमहाभूतांचा संघर्ष, वगैरे सारवासारव ग्रीक पंडितांनी कधीच सुरू केली होती. होमर सोडवत नाही आणि पचतही नाही, मग करायचं काय? क्लेमेंटने तीच शाळा पुढे चालवली. त्यामुळे पाणपोईबाई, तुमचं भांडण क्लेमेंटशी कमी आणि ग्रीकांच्या स्टोइक तत्त्वज्ञांशी जास्त आहे.

मेघवेडी

वा, आवडता विषय! वाचनखूण साठवली.

मी ग्रीक शिकले ती नव्या करारासाठी, होमर नंतर हाती आला. सायरन फार झाले, इलियडचा २४ वा सर्ग घेऊ.

ग्रीकांचा वीर अकिलीस याने ट्रॉयच्या हेक्टरला मारलंय आणि त्याचं प्रेत रथाला बांधून रोज फरफटवतोय. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत शिरतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी त्याची मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. म्हणतो, तुझ्या बापाला आठव, तोही माझ्याच वयाचा आहे. मग दोघं रडतात. प्रायम हेक्टरसाठी, अकिलीस कधी आपल्या बापासाठी तर कधी हेक्टरने मारलेला मित्र पॅट्रोक्लस याच्यासाठी. एका खोलीत दोन वेगळी रडणी.

इथे थांबून पुस्तक मिटायचा मोह होतो. पण पुढे वाचा. अकिलीस बसायला सांगतो, प्रायम म्हणतो बसत नाही, आधी प्रेत दे. आणि अकिलीस एकदम भडकतो. म्हाताऱ्या, मला डिवचू नकोस, तू शरण आला असलास तरी माझ्या हातून काहीतरी होऊन बसेल. मग तो दासींना सांगतो की प्रेत प्रायमच्या नजरेआड धुवा. का, तर पोराला पाहून बापाचा तोल गेला तर माझाही जाईल आणि मी त्याला मारून टाकीन. स्वतःचा राग त्याला पक्का ठाऊक आहे, आणि त्या रागाला वाव मिळू नये म्हणून तो खोलीची व्यवस्था बदलतो. मला हे त्या रडण्यापेक्षा मोठं वाटतं.

वसईचा वारा

मेघवेडी, अंगावर काटा आला. पण मग ही क्षमाच ना? ‘आपल्या शत्रूंवर प्रीती करा’ याची ही ग्रीक पहाटच म्हणायची. आमच्या फादरनी हा प्रसंग एकदा तपश्चर्याकाळात सांगितला होता तो असाच.

पाणपोई

वसईचा वारा, याचीच धास्ती म्हणत होते बघा. :)

क्षमा कुठे आहे? अकिलीस एकदाही ‘माफ केलं’ म्हणत नाही. प्रायमही मागत नाही, तो खंडणी घेऊन आलाय. अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस लागतील? प्रायम मोजून सांगतो, नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्याला समाधीचा ढिगारा, आणि बाराव्या दिवशी लढू, लढायचंच असेल तर. लढायचंच आहे हे दोघांनाही माहीत आहे. अकिलीस लवकरच मरणार, ट्रॉय पडणार. काव्य हेक्टरच्या अंत्यविधीवर संपतं, शांततेवर नाही.

याला क्षमा म्हटलं की दोन्ही गोष्टी स्वस्त होतात. होमरचे दोघे आशेशिवाय एका ताटावर बसून जेवतात, आणि मला वाटतं यातच त्यांचं मोठेपण आहे. आणि येशू जे मागतो ते अकरा दिवसांचा तह नाही, तेही इथेच लख्ख कळतं. अंतर दिसलं तरच.

खडूस म्हातारा

पाणपोईबाई, इथे पूर्ण सहमत, क्वचित होतो. त्याच प्रसंगात अकिलीस झ्यूसच्या दारातल्या दोन रांजणांची गोष्ट सांगतो. एकात दुःखं, एकात सुखं. कुणाला मिश्रण मिळतं, कुणाला निव्वळ दुःख. निव्वळ सुख कुणालाच नाही. प्लेटोने नेमक्या याच ओळींवर लाल रेघ मारली, कारण देव वाईटाचा दाता असूच शकत नाही. तुमचा याकोबही तेच म्हणतो ना, प्रत्येक उत्तम दान वरून येतं? म्हणजे इथे ख्रिस्ती वाचक होमरपेक्षा प्लेटोच्या जवळचा. पण शोक करणाऱ्या म्हाताऱ्यासमोर बसून बोलायची वेळ आली तर मी रांजणच सांगेन.

टिवल्याबावल्या

आता कुणीतरी महाभारत काढणार. तीन, दोन, एक...

रानजाई

काढतेच! स्त्रीपर्वात गांधारी रणांगणावर फिरते त्याची तुलना इथे...

पाणपोई

रानजाई, विषय मोठा आहे म्हणूनच सांगते, वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. इथे शिरला तर होमर शंभराव्या प्रतिसादापर्यंत बाहेर यायचा नाही.

कोंकणी पिंपळ

या चर्चेत ज्युलियन कसा आला नाही? रोमचा हा सम्राट ख्रिस्ती घरात वाढला आणि पुढे जुन्या देवांकडे परतला. ३६२ साली त्याने ख्रिस्ती शिक्षकांना होमरसकट सगळं जुनं साहित्य शिकवायला बंदी केली. देवांवर विश्वास नाही तर त्यांच्या कवींना शिकवता कशाला, जा आपल्या चर्चमध्ये आणि मत्तय-लूक शिकवा, असा एकूण सूर. ज्युलियनचा चाहता असलेला अम्मियानुस हा इतिहासकार स्वतः मूर्तिपूजक, पण त्यानेही लिहिलं की हा हुकूम कायमचा मौनात गाडावा.

मग लाओदिकियाच्या अपोलिनारिस या ख्रिस्ती बापलेकांनी डोकं लढवलं. होमर शिकवू देत नाही ना, तर आपलाच होमर करू. बापाने जुन्या करारातला इतिहास होमरच्या वृत्तात बसवला, इतिहासकार सोझोमेनच्या सांगण्याप्रमाणे २४ सर्ग, शौल राजापर्यंत. मुलाने शुभवर्तमानं प्लेटोच्या संवादांच्या धाटणीत लिहिली. पुढच्याच वर्षी ज्युलियन इराणच्या मोहिमेत मेला आणि शाळा पुन्हा होमरकडे वळल्या. त्या रचना जणू लिहिल्याच गेल्या नव्हत्या, असं सॉक्रेटिस नावाचा चर्चचा इतिहासकार (तत्त्वज्ञ नव्हे) पुढच्या शतकात नोंदवतो.

हे वाचलं की मला आमचं गोवं आठवतं. १६१६ साली राशोलला छापलेलं फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण. त्यात आरंभीच एक नवख्रिस्ती माणूस पाद्रीला विचारतो की आमची पहिली पुराणं तुम्ही वर्जिली, तर त्यांच्यासारखं दुसरं काही का देत नाही? आणि उत्तर म्हणून अकरा हजारांच्या आसपास ओव्या येतात. परिस्थिती अपोलिनारिससारखीच, फक्त बंदी घालणारे उलट बाजूचे. अपोलिनारिसचा होमर विरून गेला, क्रिस्तपुराण मात्र लोक पिढ्यान् पिढ्या हाताने नकलत आणि गात राहिले. छापील जुन्या प्रती गेल्या, हस्तलिखितं राहिली.

मेघवेडी

कोंकणी पिंपळ, जबरदस्त! भर घालते. पाचव्या शतकात सम्राज्ञी युडोशियाने होमरच्याच ओळी इकडच्या तिकडे जुळवून ख्रिस्तचरित्र रचलं. स्वतःचं जवळपास काही नाही, सगळ्या ओळी उसन्या. वाचताना विचित्र वाटतं, कारण प्रत्येक ओळीमागून जुना प्रसंग डोकावत राहतो.

खडूस म्हातारा

ज्युलियनला लोक हुकूमशहा म्हणून मोकळे होतात, पण त्याचा प्रश्न बिनडोक नव्हता. जे खोटं मानता ते पोटासाठी शिकवता, हा प्रामाणिकपणा का? याचं ख्रिस्ती उत्तर काय?

पाणपोई

काका, जुनं उत्तर ओरिजेन आणि ऑगस्टिन या चर्चच्या जुन्या आचार्यांचं. इस्राएली मिसरमधून (इजिप्तमधून) निघाले तेव्हा शेजाऱ्यांचं सोनं-रुपं घेऊन निघाले आणि त्यातूनच पुढे देवाचा निवासमंडप सजला. तसं परक्यांच्या विद्येतलं सोनं देवाच्या कामाला लावा. मला हे फारसं रुचत नाही, लुटीचा वास येतो. (आणि त्याच सोन्याचं, पूजेसाठी, वासरूही झालं.)

मला पौल जास्त जवळचा. अथेन्सला अरेयपग टेकडीवरच्या सभेत तो अराटस या ग्रीक कवीची अर्धी ओळ म्हणतो, आपण देवाचा वंश आहोत. ती ओळ झ्यूसबद्दल आहे. पौल कवीला खोडत नाही, पचवूनही टाकत नाही. ‘तुमच्याच कवींपैकी कित्येकांनी म्हटलंय’ असं श्रेय देऊन पुढे आपलं पुनरुत्थानाचं म्हणणं मांडतो. काही जण थट्टा करतात, काही म्हणतात पुन्हा ऐकू. ज्युलियनला माझं उत्तर एवढंच की मी झ्यूस शिकवत नाही, प्रायम शिकवते, आणि प्रायम खोटा आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही.

साधा_विश्वासू

दोन दिवस गप्प होतो, वाचत होतो. मेघवेडी यांनी सांगितलेला सर्ग वाचून काढला. चांगला आहे, नाही कशाला म्हणू.

पण मग त्याच ओडिसियसचं काय, ज्याचे तुम्ही गोडवे गाता? २२ व्या सर्गात त्याच्या बायकोला मागणी घालत घरात घुसलेल्यांना मारल्यावर बारा दासींना फासावर चढवतात. एका दोराला ओळीने. हेही ‘नीट ऐकायचं’ का?

मेघवेडी

हो, हेच सर्वात नीट. त्याच सर्गात, फार तर साठ ओळी आधी, म्हातारी दाई प्रेतं पाहून आनंदाने ओरडणार इतक्यात ओडिसियस तिला अडवतो. मेलेल्यांवर जल्लोष करणं पाप आहे म्हणतो. आणि मग दासींचा निकाल लावायला मुलाला सांगतो. टेलेमॅकस तलवारीचं साधं मरणही त्यांना नाकारतो. होमर त्यांची तुलना जाळ्यात अडकलेल्या पाखरांशी करतो आणि लिहितो की त्यांचे पाय थोडा वेळ तडफडले, फार वेळ नाही. नायकाचा विजय साजरा करणाऱ्या कवीला ते पाय बघायची गरज नव्हती. त्याने बघितले. बायबलमधला शास्ते ग्रंथ वाचणाऱ्याला हे अपरिचित आहे का? तिथेही शेवटच्या अध्यायांत भाष्य न करता जे लिहिलंय ते भर सभेत वाचवत नाही.

साधा_विश्वासू

शास्ते १९. बरोबर. त्यावर गप्प बसतो.

पण एक सांगतो. ११ व्या सर्गात अकिलीस मृतांच्या लोकात भेटतो आणि म्हणतो, सगळ्या मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा वर पृथ्वीवर एखाद्या गरिबाघरी मोलमजुरी पत्करेन. ज्याने अमर कीर्तीसाठी आयुष्य दिलं तो हे बोलतोय. हे वाचल्यावर पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय मला पूर्वीपेक्षा जास्त कळला. ‘मेलेले उठवले जात नाहीत तर आपण खाऊ-पिऊ’ हे पौल कुणाशी बोलत होता, ते कळलं. गटात घेणार असाल तर हा भाग घ्या. जाळ्यातल्या देवांचा नको.

वसईचा वारा

आणि यूमियस घ्या हो कुणीतरी! डुकरं राखणारा गुलाम, दारात आलेल्या फाटक्या भिकाऱ्याला आत घेतो, असलेलं खाऊ घालतो, रात्री अंगावर घालायला स्वतःचा झगा देतो. सगळे पाहुणे आणि भिकारी झ्यूसकडून येतात म्हणतो. भिकारी म्हणजे त्याचाच मालक ओडिसियस, हे त्याला माहीत नाही. पुढे १७ व्या सर्गात कुणी तरी बजावतं की देव परक्याच्या वेशात गावोगाव फिरतात. इब्रीकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात पाहुणचार विसरू नका, त्यामुळे कित्येकांनी नकळत देवदूतांना घरी घेतलं, असं आहे. पाणपोईताई रागावतील म्हणून ‘सावली’ म्हणत नाही. शेजारी शेजारी ठेवतो फक्त.

पाणपोई

शेजारी ठेवायला काहीच हरकत नाही, उलट तेच हवंय.

नवखी_वाचक

मी आतापर्यंत नुसती वाचत होते. सुरुवात कशाने करावी? ग्रीक येत नाही, इंग्रजी बरं आहे. आणि हे सगळं टिकलं कसं, एवढा विरोध होता तर?

मेघवेडी

इंग्रजी अनुवादांत लॅटिमोर ओळीला ओळ जुळवून चालतो, जरा जड जाईल. फेगल्स वाहता आहे. एमिली विल्सनची ओडिसी २०१७ ची, इलियड २०२३ ची, दोन्ही सुटसुटीत. पहिल्या वाचनाला विल्सन घ्या.

टिकलं ते कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती लेखनिकांमुळे. इलियडची सर्वात मोलाची हस्तलिखित प्रत दहाव्या शतकातली, चारी बाजूंनी बारीक टिपांनी भरलेली. ती आज व्हेनिसमध्ये आहे. कार्डिनल बेसारियनने १४६८ साली आपला ग्रंथसंग्रह त्या शहराला दिला, त्यात होती. आणि बाराव्या शतकात थेस्सलनीकाचा आर्चबिशप युस्टाथियस याने दोन्ही काव्यांवर अवाढव्य टीका लिहिली. इलियडच्या टीकेची सुरुवातच अशी की होमरच्या सायरनांपासून कानात मेण घालून दूर राहिलेलं कदाचित बरं. आणि मग हजारो पानं. पौलाची दोन पत्रं ज्या मंडळीला गेली तिथला हा धर्माधिकारी, हे विशेष.

टिवल्याबावल्या

‘फक्त पाच मिनिटं’ म्हणून मायबोलीवर येणाऱ्यांचा आद्यपुरुष.

पाणपोई

गटाचं ठरलं. इलियडचे १, ६, ९, १६, २२ आणि २४ हे सर्ग, मग ओडिसीचे ११ आणि १४. साधा_विश्वासू यांची अट मान्य, ८ वा ज्याने त्याने घरी वाचावा. इलियडच्या दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी वगळतोय, अडीचशेहून जास्त ओळी नुसती नावं.

खडूस म्हातारा

यादी वगळू नका. कोण कुठल्या गावाहून आला, किती जहाजं आणली. यातले बरेच परत जाणार नाहीत. तुम्ही लोक मत्तयचा पहिला अध्याय, ती वंशावळीची यादी, वगळता का?

साधा_विश्वासू

वगळत नाही. पण भरभर वाचतो.